सतरा ते दोन: गोव्याच्या 2017 च्या विधानसभेचं गणित

11 मार्च 2017 रोजी गोव्याचे निकाल लागले. 40 जागांच्या सभागृहात काँग्रेस 17, भाजप 13, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) 3, गोवा फॉरवर्ड 3, अपक्ष 3 आणि राष्ट्रवादी 1. पाच वर्षांनी हीच विधानसभा मुदत संपवायला आली तेव्हा काँग्रेसच्या बाकावर दोघे उरले होते. मधल्या काळात जनतेने एकदाही अख्खं सभागृह बदललं नव्हतं. मोजक्या पोटनिवडणुका झाल्या, दोन आमदारांचं निधन झालं, बाकी जे काही झालं ते आमदारांनी केलं.

अशा प्रकरणाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा खोक्यांवर येऊन थांबते. पण पैसा हेच एकमेव कारण धरलं तर काही प्रश्न तसेच राहतात. मगोचे दोघेच का फुटले, तिसरा का नाही? काँग्रेसचे नेमके 10 का गेले? आणि ते मार्चमध्ये न जाता जुलैमध्ये का गेले? तिघांनी आमदारकीचा राजीनामा देऊन पुन्हा मतं मागितली, तर बाकीच्यांना ती का मागावी लागली नाहीत? या प्रश्नांची उत्तरं सभागृहाच्या नोंदीत आणि घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्ष सोडणाऱ्या आमदाराला अपात्र ठरवणाऱ्या पक्षांतरबंदी कायद्यात, सापडतात. पेटीत काय होतं ते न उघडताही.

सहाऐवजी बारा

गोव्यात 2017 साली साधारण 11 लाख मतदार होते. म्हणजे एका आमदारामागे सरासरी 28 हजारांच्या आत. मुंबईतल्या एखाद्या महापालिका प्रभागात याहून जास्त मतदार असतात. एवढ्या लहान मतदारसंघात आमदार लोकांना नावाने ओळखतो, लग्नाला आणि मयताला जातो, आणि मतंही बऱ्याच अंशी त्याची स्वतःची असतात. चिन्ह बदललं तरी ती सोबत येतील असं त्याला वाटतं, आणि पुष्कळदा ती येतातही.

दुसरी गोष्ट 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीची. तिने दोन गोष्टी केल्या. आधी पक्षाच्या एक तृतीयांश आमदारांनी वेगळी चूल मांडली तर ती 'फूट' म्हणून चालून जायची. ती पळवाट काढून टाकली. आता फक्त विलीनीकरण उरलं आणि त्यासाठी विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. दुसरं म्हणजे मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या 15 टक्क्यांवर आणला, पण लहान राज्यांसाठी किमान 12 मंत्र्यांची मुभा ठेवली. 40 चे 15 टक्के सहा होतात. गोव्याला मिळाले बारा.

या बाराकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, पण प्रकरणाचा अर्धा उलगडा तिथेच होतो. बहुमताला 21 लागतात. त्यातले 12 मंत्री, एक सभापती, एक उपसभापती, शिवाय महामंडळं. काठावरच्या बहुमताच्या सरकारात रिकाम्या हाताचा आमदार शोधावा लागतो. त्यामुळे काठावर असताना प्रत्येकाला भाव असतो, आणि बहुमत फुगलं की मंत्रिपदं पुरत नाहीत. मग कुणाला तरी खाली उतरावं लागतं.

सतरा असून विरोधात

निकालाच्या दिवशी काँग्रेसला चार हवे होते, भाजपला आठ. तरी सरकार भाजपचं झालं. काँग्रेसकडे चार माजी मुख्यमंत्री निवडून आले होते: प्रतापसिंग राणे, रवी नाईक, लुईझिन फालेरो आणि दिगंबर कामत. त्यामुळे नेता कोण यावर खल चालू राहिला आणि शेवटी चंद्रकांत कवळेकर यांचं नाव पुढे आलं. तोवर नितीन गडकरी पणजीत रात्रीतून बोलणी करत होते. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्रिपद सोडून गोव्यात परतणार असतील तर पाठिंबा, अशी गोवा फॉरवर्ड आणि मगोची अट होती. फॉरवर्डचे विजय सरदेसाई भाजपविरोधाच्या सुरात प्रचार करून आले होते. काँग्रेसशी त्यांची निवडणुकीआधीची बोलणी फिसकटली होती.

राज्यपाल मृदुला सिन्हा यांच्यापुढे भाजपने 21 आमदारांचा दावा ठेवला. काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालयाने विचारलं की तुमच्या बाजूला संख्या असेल तर तिचा पुरावा कुठे आहे, आणि 16 मार्चला विश्वासदर्शक ठराव घ्यायला सांगितला. सर्वांत मोठ्या पक्षाला आधी बोलवायला हवं होतं की नाही यावर आजही वाद घालता येतो. माझ्या मते काँग्रेसने तो वाद घालण्याचा हक्क त्या पहिल्या रात्रीच बराचसा गमावला होता.

ठराव 22 विरुद्ध 16 ने पारित झाला. भाजपचे 12 (तेरावे सिद्धार्थ कुंकळ्येकर हंगामी सभापती होते), मगो 3, फॉरवर्ड 3, अपक्ष 3 आणि राष्ट्रवादीचे चर्चिल आलेमाव. सतरापैकी काँग्रेसची 16 मतं पडली. वाळपईचे विश्वजीत राणे मतदानापूर्वीच बाहेर पडले आणि त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला. ते प्रतापसिंग राणे यांचे चिरंजीव. पुढची पाच वर्षं वडील विरोधी बाकावर आणि मुलगा मंत्रिमंडळात असं दृश्य गोव्याने पाहिलं, आणि त्याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

पर्रीकरांसोबत 14 मार्चला शपथ घेतलेल्या नऊ मंत्र्यांत भाजपचे दोनच होते. उरलेले सात मगो, फॉरवर्ड आणि अपक्ष यांचे. गोवा फॉरवर्डचे तीन आमदार आणि तिघेही मंत्री! 13 आमदारांच्या पक्षाला सत्ता हवी असेल तर काय मोजावं लागतं ते या शपथविधीत उघड दिसलं.

राजीनाम्याचा रस्ता आणि विलीनीकरणाचा रस्ता

इथून पुढे पक्ष बदलणाऱ्यांपुढे दोन रस्ते होते. कोण कोणत्या रस्त्याने गेला ते त्याच्या मनावर नव्हतं, त्याच्या गटाच्या आकारावर होतं.

विश्वजीत राणे एकटे होते. सतरापैकी एक म्हणजे अपात्रता, म्हणून राजीनामा. ऑगस्ट 2017 मध्ये ते भाजपच्या चिन्हावर वाळपईतून पुन्हा आले. त्याच वेळी पर्रीकर पणजीतून निवडून आले. ऑक्टोबर 2018 मध्ये शिरोड्याचे सुभाष शिरोडकर आणि मांद्रेचे दयानंद सोपटे यांनीही तेच केलं. सोपटे हे तेच, ज्यांनी 2017 मध्ये मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर यांना हरवलं होतं. सोळापैकी दोन म्हणजे दोन तृतीयांशाच्या जवळपासही नाही, त्यामुळे त्यांनाही लोकांपुढे जावं लागलं.

काँग्रेसचे 14 झाले. पक्षाला हे फक्त तीन आमदारांचं नुकसान वाटलं असेल. पण सतरातून फुटून निघायला 12 लागतात, चौदातून 10. प्रत्येक राजीनाम्याने मागे राहिलेल्यांचा दरवाजा थोडा अधिक उघडा झाला. कायद्याने आकडा न ठरवता प्रमाण ठरवलं, त्याचा हा परिणाम: पक्ष जितका लहान होतो तितकी त्याला फोडायला कमी माणसं लागतात. पक्षांतर अवघड करण्यासाठी ठेवलेली अट दुबळ्या पक्षाला आणखी दुबळं करते.

छत्तीसचं सभागृह

14 फेब्रुवारी 2019 ला म्हापशाचे फ्रान्सिस डिसोझा गेले. 17 मार्चला पर्रीकर. शिरोडा आणि मांद्रे आधीच रिकाम्या होत्या. सभागृहाचं बळ 36 वर आलं, बहुमत 19 वर. काँग्रेस 14, भाजप 12, मगो 3, फॉरवर्ड 3, अपक्ष 3, राष्ट्रवादी 1.

भाजपचे 12 आणि अपक्ष 3 मिळून 15. त्यात मगो किंवा फॉरवर्ड यांपैकी एकच मिळवला तर 18, म्हणजे एकाने कमी. दोघेही हवेत. म्हणूनच 19 मार्चला मध्यरात्र उलटल्यावर प्रमोद सावंत यांचा शपथविधी झाला तेव्हा मगोचे सुदिन ढवळीकर आणि फॉरवर्डचे विजय सरदेसाई अशा दोघांना उपमुख्यमंत्री करायचं ठरलं होतं. लोकसंख्येने एखाद्या मोठ्या तालुक्याएवढ्या राज्याला दोन उपमुख्यमंत्री कशाला, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. उत्तर 18 आणि 19 मधल्या फरकात होतं. दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक ठराव 20 विरुद्ध 15 ने जिंकला. सावंत स्वतः सभापतिपदावरून आल्याने उपसभापती मायकल लोबो आसनावर होते.

हे जमून जेमतेम आठवडा झाला होता. 27 मार्चच्या अपरात्री मगोच्या मनोहर ऊर्फ बाबू आजगावकर आणि दीपक पाऊसकर यांनी मगोचा विधिमंडळ गट भाजपमध्ये विलीन केल्याचं पत्र लोबोंना दिलं. तिघांपैकी दोघे, बरोबर दोन तृतीयांश. तिसरे सुदिन ढवळीकर यांना मंत्रिमंडळातून काढण्यात आलं. आजगावकर उपमुख्यमंत्री झाले, पाऊसकरांना पहिल्यांदा मंत्रिपद मिळालं. ठिणगी शिरोड्याच्या पोटनिवडणुकीची होती. तिथे मगोचे अध्यक्ष दीपक ढवळीकर, म्हणजे सुदिन यांचे बंधू, भाजपच्या शिरोडकरांविरुद्ध उभे होते. मित्रपक्षाचा अध्यक्षच मुख्य पक्षाच्या उमेदवारासमोर. शिरोडकर अगदी थोडक्या मतांनी वाचले.

मगोची ही अवस्था मराठी वाचकाला विशेष लागते. भाऊसाहेब बांदोडकरांचा हा पक्ष. 1963 च्या पहिल्या निवडणुकीपासून 1979 पर्यंत गोव्यावर राज्य केलेला. पेडण्यापासून सावर्ड्यापर्यंत बहुजन समाजाचं घर म्हणावं असा. तो अपरात्रीच्या एका पत्राने 'विलीन' झाला, आणि तरीही पुढच्या निवडणुकीत सिंह या आपल्या चिन्हावर उमेदवार उभे करून दोन जागा जिंकून आला. विलीन झालेला पक्ष पुन्हा निवडणूक लढवतो, ही कायद्यातली गंमत आहे.

दहावा माणूस

आता मुख्य प्रसंग. एप्रिल-मे 2019 च्या चार पोटनिवडणुकांत भाजपने शिरोडा, मांद्रे आणि म्हापसा जिंकलं. चौथी पणजी. तिथे पर्रीकरांच्या जागेवर काँग्रेसचे आतानासियो ऊर्फ बाबूश मोन्सेरात निवडून आले. पाव शतक भाजपकडे असलेली राजधानी काँग्रेसने घेतली म्हणून फटाके वाजले.

सभागृह पुन्हा 40 चं झालं: भाजप 17, काँग्रेस 15, फॉरवर्ड 3, अपक्ष 3, मगो 1, राष्ट्रवादी 1. भाजप आणि अपक्ष मिळून 20, म्हणजे बहुमताला एक कमी. फॉरवर्डशिवाय सरकार चालत नव्हतं, आणि सरदेसाईंना ते पक्कं ठाऊक होतं.

काँग्रेसची बाजू मोजली तर वेगळंच दिसतं. चौदातून दोन तृतीयांश म्हणजे 9.33, म्हणून 10. पंधरातूनही 10. पणजीच्या विजयाने काँग्रेसचा एक आमदार वाढला, पण फुटीला लागणारा आकडा वाढला नाही. 10 जुलै 2019 रोजी विरोधी पक्षनेते कवळेकर यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचे नेमके 10 आमदार भाजपमध्ये गेले. त्यांत बाबूश मोन्सेरात होते आणि त्यांच्या पत्नी, ताळगावच्या आमदार जेनिफर मोन्सेरातही. बाबूश वगळले तर नऊ उरतात, आणि चौदातून नऊ म्हणजे अपात्रता. काँग्रेसने जिंकलेली पणजीची जागाच काँग्रेसला फोडायला लागणारी दहावी जागा ठरली.

मागे पाच उरले. चार माजी मुख्यमंत्री आणि पाचवे कुडतरीचे आलेक्स रेजिनाल्ड लॉरेन्स.

तीन दिवसांनी, 13 जुलैला, मंत्रिमंडळ बदललं. भाजप आता 27 वर होता, त्याला कुणाचीच गरज नव्हती. फॉरवर्डचे तिन्ही मंत्री आणि अपक्ष रोहन खंवटे अशा चौघांना वगळलं. जागी कवळेकर (थेट उपमुख्यमंत्री), जेनिफर मोन्सेरात, फिलिप नेरी रॉड्रिग्ज आणि मायकल लोबो आले. तीन दिवसांपूर्वीचा विरोधी पक्षनेता उपमुख्यमंत्री! ही बातमी पहिल्यांदा वाचताना छपाईची चूक वाटावी अशीच होती. सरदेसाईंनी विश्वासघाताची भाषा केली. ती समजण्यासारखी आहे, पण त्यांचं वजन त्यांच्या तीन आमदारांमुळे कधीच नव्हतं. ते भाजपच्या तुटीमुळे होतं. तूट संपली तेव्हा वजनही संपलं.

त्या 27 जणांची उजळणी करण्यासारखी आहे. 2017 मध्ये कमळावर निवडून आलेल्यांपैकी 11 उरले होते, म्हापशात वडिलांच्या जागी आलेले जोशुआ डिसोझा बारावे. राणे, सोपटे आणि शिरोडकर हे काँग्रेसमधून येऊन पुन्हा निवडून आलेले तिघे. मगोचे दोन. जुलैचे दहा. म्हणजे सत्ताधारी पक्षात दुसऱ्याच्या चिन्हावर या सभागृहात शिरलेले 15, आपल्या चिन्हावर आलेले 12. अख्ख्या सभागृहात निवडून आलेल्या स्त्रिया दोनच होत्या, जेनिफर मोन्सेरात आणि कुठ्ठाळीच्या आलिना साल्ढाणा. एक काँग्रेसमधून भाजपमध्ये गेली, दुसरी मुदतीअखेर भाजपमधून आम आदमी पक्षात.

न्याय आणि घड्याळ

दहा जणांविरुद्ध काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष गिरीश चोडणकर यांनी, तर आजगावकर-पाऊसकरांविरुद्ध ढवळीकरांनी अपात्रतेच्या याचिका केल्या. सभापती राजेश पाटणेकर यांनी त्या 20 एप्रिल 2021 रोजी फेटाळल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे गेलं. निकाल आला 24 फेब्रुवारी 2022 रोजी: याचिका फेटाळल्या. तोवर पुढच्या निवडणुकीचं मतदान होऊन दहा दिवस झाले होते.

वादाचा मुद्दा दहाव्या परिशिष्टातल्या चौथ्या परिच्छेदाच्या वाचनाचा होता. त्याचा पहिला भाग म्हणतो की मूळ राजकीय पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला तर आमदार अपात्र होत नाही. दुसरा भाग म्हणतो की विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांनी मान्यता दिली तर असं विलीनीकरण झालं असं मानलं जाईल. याचिकाकर्ते म्हणाले, आधी दिल्लीतली काँग्रेस विलीन व्हायला हवी, मग आमदारांची मान्यता. उच्च न्यायालयाने दोन तृतीयांश आमदारांचं ठरवणं पुरेसं मानलं. मला पहिलं वाचन अधिक पटतं, कारण दुसऱ्या वाचनाने पहिल्या भागाला काही कामच उरत नाही. पण ज्या सभागृहात पहिलं वाचन लागू केलं असतं तर जवळपास निम्मे मंत्री अडचणीत आले असते, तिथल्या सभापतींनी दुसरं निवडलं यात आश्चर्य नाही.

महाराष्ट्रात 2022 मध्ये शिवसेनेत जे घडलं त्याच्याशी याची तुलना होते, पण वाट वेगळी होती. एकनाथ शिंदे गटाकडेही दोन तृतीयांशांहून अधिक आमदार होते, तरी त्यांनी विलीनीकरणाचा रस्ता धरला नाही. आम्हीच मूळ पक्ष असं सांगितलं. कवळेकरांना काँग्रेस नको होती, फक्त बाहेर पडायची वाट हवी होती.

मुदतीच्या शेवटच्या वर्षात आणखी एक नियम कामाला आला. सभागृहाचा एका वर्षापेक्षा कमी काळ उरला असेल तर रिकाम्या जागेवर पोटनिवडणूक घ्यावी लागत नाही. म्हणजे राजीनाम्याची किंमत शून्य. मग राजीनाम्यांचा पाऊस सुरू झाला. फालेरो सप्टेंबर 2021 मध्ये तृणमूलमध्ये गेले, डिसेंबरमध्ये रवी नाईक भाजपमध्ये, रेजिनाल्ड तृणमूलमध्ये. काँग्रेसकडे दिगंबर कामत आणि प्रतापसिंग राणे उरले. उलट दिशेनेही वाहतूक होती: लोबो काँग्रेसमध्ये, अपक्ष प्रसाद गावकर काँग्रेसमध्ये, तर खंवटे आणि गोविंद गावडे भाजपमध्ये. अपक्षांना विलीनीकरणाची सोय नसते, निवडून आल्यावर कोणत्याही पक्षात गेलं की ते अपात्र ठरतात. म्हणून या तिघांनी आधी राजीनामे दिले. चर्चिल आलेमाव यांना तसं करावं लागलं नाही. राष्ट्रवादीचे ते एकमेव आमदार, एकातून एक म्हणजे शंभर टक्के. त्यांनी आपला विधिमंडळ पक्ष तृणमूलमध्ये विलीन केला.

मतदार काय म्हणाले

2022 मध्ये जुलैच्या दहांपैकी तिघेच निवडून आले: मोन्सेरात दांपत्य आणि थिवीचे नीळकंठ हळर्णकर. कवळेकर केप्यात हरले. आजगावकर पेडणे सोडून मडगावात दिगंबर कामतांसमोर गेले आणि पडले, पाऊसकरही पडले. राजीनामा देऊन गेलेल्या तिघांपैकी विश्वजीत राणे आणि शिरोडकर टिकले, सोपटे मांद्रेत मगोकडून हरले. आकडे इतके लहान आहेत की त्यावर सिद्धांत उभा करू नये. तरीही मधल्या काळात लोकांपुढे जाऊन आलेल्यांना लोकांनी अधिक सांभाळून घेतलं, एवढं नोंदवून ठेवावंसं वाटतं.

नव्या सभागृहात भाजप 20, काँग्रेस 11. निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना देऊळ, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली होती. भाजपला मगोच्या दोघांनी आणि तीन अपक्षांनी पाठिंबा दिल्याने सरकारला धोका नव्हता. जुलै 2022 मध्ये काँग्रेसने लोबोंना विरोधी पक्षनेतेपदावरून काढलं, पक्ष फोडण्याचा कट केल्याचा आरोप ठेवून. तेव्हा आकडा जमला नव्हता. अकराचे दोन तृतीयांश 7.33, म्हणजे आठ लागत होते. 14 सप्टेंबर 2022 रोजी दिगंबर कामत आणि मायकल लोबो यांच्यासह नेमके आठ जण भाजपमध्ये गेले. शपथेचं काय, असं विचारल्यावर कामतांनी आपण देवाला पुन्हा विचारून आल्याचं सांगितलं.

भाजप 28 वर गेला. काँग्रेसकडे कुंकळ्ळीचे युरी आलेमाव, केप्याचे एल्टन डिकॉस्टा आणि हळदोण्याचे कार्लुस फेरेरा उरले. आलेमाव विरोधी पक्षनेते झाले. या गटाचे दोन तृतीयांश म्हणजे दोन.